घरची बोली, सभेची भाषा

पेडणे तालुक्यातल्या कोरगावच्या बाईला बहुभाषिक म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. घरात तिचा मुलगा ‘उदक’ मागतो आणि शाळेच्या वहीत ‘पाणी’ लिहितो. देवळातलं भजन मराठीत, परगावच्या विक्रेत्याशी घासाघीस हिंदीत, बँकेचा कागद इंग्रजीत. तेरेखोल नदीपलीकडे सिंधुदुर्गात माहेर असलं तर मालवणीही आलीच. एवढं सगळं सांभाळणारी बाई चारचौघांत मात्र म्हणते, “मला नीट बोलता येत नाही.” असं का?

भाषा अनेक असण्यात दोष नाही, त्यांची उतरंड लावण्यात आहे. आपल्या लाडक्या दशावतारातच पाहा ना. राजा नि ऋषी भारदस्त मराठी बोलतात. हसवणाऱ्या संकासुराच्या तोंडी गावची बोली. खेळ रंगतो, मीही पोटभर हसते. पण मनात ठसतं काय? राज्य करायची भाषा वेगळी, हसण्यावारी न्यायची वेगळी!

पेडण्यात तर दुहेरी अडचण. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली. पण लेखी कोंकणीचा साचा मुख्यतः फोंड्याकडच्या अंत्रुजी बोलीचा. म्हणून पेडण्याचं बोलणं एकाला मराठीकडे झुकलेलं वाटतं, दुसऱ्याला अशुद्ध मराठी. या ओढाताणीत ग्रामसभेत गप्प बसते ती बाई. नळाला पाणी नाही हे सगळ्यांत आधी तिला कळतं; पण ते सांगण्याआधी ती शब्द चाचपत राहते.

असं व्हायलाच हवं का? स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात लोक लिहितात प्रमाण जर्मन आणि बोलतात आपापल्या गावची बोली. बँकेतला साहेबही तीच बोलतो, म्हणून कुणी त्याला अडाणी समजत नाही. बोलायची आणि लिहायची भाषा वेगळी असूनही मान दोन्हींना आहे.

आपल्या समाजाला तरी हे परकं वाटू नये. सीमाभागातल्या कितीतरी जैन घरांत मराठी आणि कन्नड एकाच ताटात जेवतात. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायांशी चावुंडरायाने मूर्ती करवल्याचे लेख कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरले आहेत. एका भाषेला जागा दिली म्हणून दुसरीला पुसावं लागलं नाही.

तेव्हा बायांनो, सभेत आपल्याच बोलीत बोला. इतिवृत्त लिहिणाऱ्याने ते मराठीत लिहावं नाहीतर कोंकणीत, ते त्याचं काम. आणि घरात मूल ‘उदक’ म्हणालं तर त्याला दटावू नका. ‘पाणी’ जरूर शिकवा, पण ‘उदक’ची लाज शिकवू नका.