स्टोकसे : बुरुजाचा दरारा, खिडक्यांचा उजेड

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगत, ऑनी नदीच्या खोऱ्यात स्टोकसेची गढी उभी आहे. नाव किल्ल्याचे, पण बांधणारा व्यापारी. लडलो गावचा लॉरेन्स हा लोकरीचा बडा व्यापारी. खुद्द राजाला आणि सरदारांना कर्ज देण्याची त्याची ऐपत. १२८१मध्ये त्याने ही जहागीर घेतली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथे स्वतःसाठी घर उभारले. त्या घरात त्याचे मन दोन जागी स्पष्ट उमटले आहे : दक्षिणेच्या बुरुजात आणि मधल्या सदरेत.

बुरूज बहुकोनी आहे. जाड भिंती, अरुंद जंग्या, माथ्यावर चर्या. पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर तिथे जे बलाढ्य किल्ले बांधले, त्यांचीच ऐट इथे उतरली आहे. घराला चर्या बांधायच्या तर राजाचा परवाना लागे. लॉरेन्सला तो १२९१मध्ये मिळाला. असा परवाना हा मोठाच मान होता. तराजू हाती धरणाऱ्या माणसाने सरदारांच्या पंक्तीत आपले पान मांडून घेतले, ते या बुरुजाच्या आधाराने.

सदरेत पाऊल टाकावे तर सूरच पालटतो. सुमारे साडेसोळा मीटर लांब आणि साडेनऊ मीटर रुंद अशी ही जागा, आणि आत एकही खांब नाही. छताचा सारा भार तीन प्रचंड लाकडी कमानींनी पेलला आहे. जमिनीवर मधोमध उघड्या आगटीची जागा. एका टोकाला जुना लाकडी जिना, त्याच्या पायऱ्या अखंड ओंडक्यांच्या. आणि दोन्ही अंगांना उंचच उंच खिडक्या. आश्चर्य पश्चिमेच्या खिडक्यांचे. त्या खंदकाकडे, म्हणजे शत्रू जिथून यायचा त्या बाजूला, तितक्याच मोकळेपणाने उघडतात. किल्लेदाराने तिथे आंधळी भिंत घातली असती. लॉरेन्सने उजेड आत घेतला. १२८३पर्यंत वेल्सची लढाई संपली होती, सीमेवर स्वस्थता येत होती. त्या स्वस्थतेवर एका माणसाने टाकलेला विश्वास या खिडक्यांत दिसतो. एरवी दगडी वास्तूत भीतीच्या खुणा मुबलक सापडतात. विश्वासाची खूण इतकी ठळक क्वचितच दिसते. स्टोकसेचे खरे सौंदर्य मला इथे जाणवते.

लॉरेन्सला मात्र हे घर फार काळ लाभले नाही. फ्रान्सशी युद्ध पेटले, राजाने लोकरीवर जबर कर बसवला आणि त्यात लॉरेन्सचा हात असल्याने लोकरवाले त्याच्यावर संतापले. १२९४मध्ये लोकरीने भरलेले त्याचे गलबत सफोकच्या किनाऱ्यापाशी बुडाले आणि तोही बुडाला. लोकरवाल्यांचा केलेला अपराध त्याला भोवला, असा निवाडा एका मठातल्या बखरकाराने देऊन टाकला.

घर मात्र तगले. १६४०च्या सुमारास दर्शनी देवडी लाकडी चौकटींची, कोरीव कामाने नटलेली अशी नव्याने उभी राहिली. लढाईची धास्ती असलेला मालक असली देवडी बांधत नाही. लगेचच राजा आणि पार्लमेंट यांच्यातले यादवी युद्ध आले. १६४५मध्ये पार्लमेंटची फौज दाराशी येताच इथल्या शिबंदीने गढी हवाली केली. पुढे तट उतरवण्यात आला, पण सदर आणि बुरूज बचावले. हट्टाने लढलेले कितीतरी किल्ले त्या युद्धानंतर सुरुंगाने उडवले गेले. स्टोकसे आपल्या घरपणामुळे वाचले.

नंतर गढी कुळांच्या हाती गेली. सदरेत धान्य साठू लागले, बुरुजाच्या तळघरात लोहाराचा भाता चालला. थोरामोठ्यांना ही अवहेलना वाटली असेल. पण कोठार म्हणून का होईना, सदर वापरात राहिली आणि त्या कमानी टिकल्या. १८६९मध्ये हातमोज्यांचे कारखानदार जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट यांनी ही जागा विकत घेतली. जुन्याच्या जागी नवे चकचकीत उभारण्याचा त्या काळचा मोह त्यांनी टाळला. जे होते तेच सावरले.

म्हणून स्टोकसेकडे लहानसा किल्ला म्हणून पाहणे तिच्यावर अन्याय आहे. बुरुजाने तिला रुबाब दिला, पण सातशे वर्षे तिला तारून नेले ते राहण्याच्या, साठवण्याच्या, रोज वापरण्याच्या गरजेने. वास्तूचे आयुष्य तिच्या भिंतींच्या जाडीपेक्षा माणसांना ती किती उपयोगी पडते यावर ठरते, हे स्टोकसेइतक्या ठामपणे फार थोड्या गढ्या सांगू शकतील.