राष्ट्रीय छात्रसेनेचा ध्वज : रंगांचा अर्थ आणि कमळांचा हिशेब

कोणत्याही बोधचिन्हाची समीक्षा करताना दोन प्रश्न विचारावेत. त्याचा अर्थ पाहणाऱ्याला सहज उमगतो का? आणि परिस्थिती बदलली तरी तो टिकतो का? शाळा-महाविद्यालयांत दिसणारा राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे एनसीसीचा, ध्वज या दोन कसोट्यांवर तपासू.

एनसीसीची स्थापना १९४८ च्या कायद्याने झाली. १९५१ मध्ये तिच्या तुकड्यांना मिळालेले ध्वज भूदलातील रेजिमेंटांच्या ध्वजांसारखे होते. मधोमध एनसीसीचे चिन्ह व तुकडीचे नाव, एवढाच फरक. पण १९५० मध्ये हवाई विभाग सुरू झाला होता आणि १९५२ मध्ये नौदल विभागही आला. भूदलाच्या धर्तीचा ध्वज सर्वांचा कसा ठरणार? म्हणून १९५४ मध्ये सध्याचा तिरंगी ध्वज आला. तांबडा पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. तिन्ही पट्टे उभे, शेजारी शेजारी असल्याने कोणी वर, कोणी खाली असे होत नाही. संस्थेची रचनाच येथे आकृती झाली आहे. रंगयोजना दोन्ही कसोट्यांना उतरते.

मधल्या सोनेरी चिन्हाभोवतीच्या कमळांचे तसे नाही. ती १७ आहेत आणि १७ संचालनालये दर्शवतात. कमळ राष्ट्रीय फूल असल्याने ते राष्ट्रभाव सुचवते. संख्येचा अर्थ मात्र शिकवल्याशिवाय कळत नाही. शिवाय संचालनालय म्हणजे राज्य नव्हे. छत्तीसगड २००० साली वेगळे राज्य झाले, तरी मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचे संचालनालय एकच, भोपाळचे. म्हणजे भिलाईतील खुर्सीपारचा छात्र आणि भोपाळचा छात्र यांचे कमळ एकच. महाराष्ट्राला स्वतंत्र कमळ आहे. शेजारचा गोवा कर्नाटकाबरोबर मोजला जातो.

अमेरिकेच्या ध्वजावर प्रत्येक राज्याला एक तारा असतो. राज्य वाढले की तारा वाढतो. १९६० पासून ते ५० आहेत. तिथे संख्या नागरिकाच्या ओळखीशी जोडलेली आहे. इथे ती कार्यालयांशी जोडलेली आहे. 'एकता आणि अनुशासन' हे ब्रीद मानणाऱ्या संघटनेत एकतेचे चित्र प्रशासकीय विभागणीवरून काढावे, हा या रचनेचा कच्चा दुवा होय.

याला एक उत्तर आहे. राज्यांशी संख्या जोडली असती, तर प्रत्येक पुनर्रचनेनंतर ध्वज बदलावा लागला असता. हा मुद्दा रास्त आहे. पण मग कमळे मोजण्याची गरजच काय? अशोकचक्राचे २४ आरे राज्ये मोजत नाहीत, तरी देश त्यात स्वतःला पाहतो. कमळांचे वलयही केवळ वलय म्हणून पुरेसे बोलके झाले असते.

विचारासाठी प्रश्न : हा विद्यार्थ्यांचा ध्वज आहे. त्यात तिन्ही सेनादले आहेत, संचालनालये आहेत. विद्यार्थी कुठे आहे?