तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने आणि आमचा खंड्या

नवीन कुत्रा घरी आणला की पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची शिस्त शिकतो आणि तीन महिन्यांत तो पुरता तुमचा होतो. हा ३-३-३ नियम तुम्ही कुठल्या तरी रीलमध्ये नक्की ऐकला असेल. मी तो कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवला होता. दहाव्या आठवड्यात आमच्या खंड्याने गॅलरीत आलेल्या एका कुरिअरवाल्या मुलाच्या पोटरीला दात लावला.

आज हा नियम आणि त्याच्या जवळून जाणारे दोन-तीन पेपर तपासून बघू. (तुमच्यातले बरेच जण सध्या पेटच्या तयारीत आहात. ही पेट वेगळी, पण मेथडॉलॉजीच्या पेपरात येणारी निम्मी भानगड इथेही आहे.) आधीच सांगते, माझा विषय इलेक्ट्रोकेमिस्ट्री. प्राण्यांच्या वर्तनाचं माझं शिक्षण शून्य. तुम्हालाही उद्या आपल्या विषयाबाहेरचा पेपर वाचायची वेळ येणारच आहे, आणि तेव्हा घरात कुत्रा आणि दाराशी चाळ कमिटीचे सेक्रेटरी उभे असतील असं नाही. माझ्याकडे दोन्ही होते.

खंड्या आमच्याच गल्लीतला. काळाचौकीत राहणाऱ्याला हे सांगायला नको की गल्लीतला कुत्रा अनोळखी नसतो. याचा कान खाच केलेला, म्हणजे नसबंदी झालेली. २००१ आणि नंतर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण केलेला रस्त्यावरचा कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडतात, म्हणून तो पाच-सहा वर्षं त्याच वडापावच्या गाडीमागे झोपायचा. मग टेम्पोखाली मागचा पाय गेला. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात उपचार झाले, पाय वाचला, पण पळणं संपलं. पळता न येणारा कुत्रा रस्त्यावर किती दिवस काढणार, म्हणून मी त्याला वर आणलं. दुसरा मजला, दहा बाय पंधराची खोली, बाहेर चार फुटांची कॉमन गॅलरी.

आता नियमाकडे या. पहिला प्रश्न नेहमीचा: हे कोणी, कधी, कशावर मोजलं? तीनचे तीन आकडे मोजून निघालेले दिसत नाहीत. लक्षात राहावेत असे ते आहेत, बस. 'पहिले तीन दिवस ताणाचे' याला आधार शोधायला गेलं की १९९७ चा एक अमेरिकन अभ्यास हाती लागतो. हेनेसी आणि सहकाऱ्यांनी सरकारी निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं. पहिल्या तीन दिवसांत ते जास्त होतं; नऊ दिवसांहून जास्त काळ राहिलेल्या कुत्र्यांत कमी. पण हे मोजमाप निवाऱ्यात शिरलेल्या कुत्र्यांचं आहे, निवाऱ्यातून घरी गेलेल्यांचं नाही. दिशा उलटी आहे. 'तीन दिवस' हा शब्द जुळला म्हणून पुरावा जुळला असं होत नाही. थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात आपण सगळेच हे करतो, मीही केलं आहे, आणि गाईडने लाल पेनाने गोल केला आहे.

शिवाय या नियमाला चुकताच येत नाही. कुत्रा तीन महिन्यांत रुळला तर नियम खरा. नाही रुळला तर 'प्रत्येक कुत्रा वेगळा असतो'. जे विधान कुठल्याही निकालाने खोटं पडत नाही त्यातून मला कुरिअरवाल्याबद्दल काय कळणार होतं?

त्या मुलाचं आधी सांगते. खरचटलं होतं, रक्त जेमतेम. तरीही नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि त्याला घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठला. खंड्याची रेबीजची लस झालेली होती, कागद हातात होते, तरी इंजेक्शनं सुरू केली आणि पुढचे दहा दिवस खंड्यावर लक्ष ठेवलं. लक्षणं दिसल्यावर रेबीजला इलाज नाही, इथे शक्यतांचा हिशोब करत बसायचं नसतं. मुलगा भला होता. म्हणाला, ताई, याला मी खाली बिस्कीट घालायचो.

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. जो खाली याच मुलाच्या हातून खायचा, तो वर आल्यावर त्याच्यावर का गेला?

कमिटीने एक महिना दिला. माझी बाजू मांडायला मी पेपर शोधू लागले तेव्हा सापडला तो २०२३ चा, प्लॉस वनमधला, ओहायो स्टेट विद्यापीठातल्या बोहलँड आणि सहकाऱ्यांचा. पाच निवाऱ्यांतून कुत्रे दत्तक घेतलेल्या ९९ जणांनी ७, ३०, ९० आणि १८० व्या दिवशी सी-बार्क नावाची प्रश्नावली भरली. निष्कर्ष वाचून मी खुर्चीत सरळ बसले. अनोळखी माणसांवरची आक्रमकता सातव्या दिवसाच्या तुलनेत नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर वाढलेली. पाठलाग करणं वाढलेलं. ९० आणि १८० व्या दिवशी शिकवायला कुत्रा जास्त अवघड झालेला. कमी झालं ते एकटं राहिल्यावरचं वागणं आणि सतत लक्ष मागणं. म्हणजे फ्रीजवरचा कागद सांगत होता की तिसऱ्या महिन्यात सगळं सुरळीत होईल. हा पेपर सांगत होता की नेमकं तेव्हा दाराकडे लक्ष द्या. हा पेपर मला आधी दिसला असता तर दार उघडं राहिलं नसतं. एवढं ऋण मान्य करून आता त्यावर बोलते.

पहिली गोष्ट, हे उत्तर मालकाचं आहे, कुत्र्याचं नाही. त्याच अभ्यासात १८० व्या दिवशी ९३.७ टक्के मालक कुत्र्याचं वागणं 'उत्तम' किंवा 'चांगलं' म्हणतात आणि कुत्रा नव्या घरात बऱ्यापैकी किंवा पूर्ण रुळला असं शंभर टक्के म्हणतात. शंभर टक्के दिसलं की माझा हात छेदाकडे जातो. १८० व्या दिवशीचा फॉर्म कोण भरणार? ज्याच्या घरी कुत्रा अजून आहे तो. ज्याने परत नेऊन सोडला त्याचं मत या शंभरात नाही. शिवाय एकच माणूस आक्रमकता वाढल्याचं नोंदवतो आणि समाधानही नोंदवतो. त्याला प्रेम म्हणा. मोजमापाच्या भाषेत याचा अर्थ, 'रुळला का?' हा प्रश्न कुत्र्याइतकाच मालकाच्या मनाला विचारला गेलाय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या अभ्यासाची पायारेषा सातव्या दिवसाची आहे. पण सातव्या दिवशी कुत्र्याने पाहिलेले अनोळखी लोक किती? आपणच सांगतो की पहिला आठवडा पाहुणे बोलवू नका. सी-बार्कमध्ये 'असा प्रसंग पाहिला नाही' असा पर्याय आहे, तो बरोबरच आहे, पण त्यामुळे सुरुवातीला मोजायलाच कमी प्रसंग असणार. मग आक्रमकता वाढली, की ती दिसण्याच्या संधी वाढल्या? की दबून बसलेला कुत्रा सैल होऊन आपल्यासारखा वागू लागला? आकड्यांतून तिन्ही सारखंच दिसतं. दत्तक न गेलेल्या कुत्र्यांचा कंट्रोल ग्रुपही नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण, हा कुत्रा निवाऱ्यात यायच्या आधी कसा होता, हे कुणालाच ठाऊक नसतं.

इथे काळाचौकीची बाजू वरचढ आहे.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, गिरणीतून रिटायर झालेले. खंड्या प्रकरणात ते माझ्या विरुद्ध पार्टीत. त्यांचा सल्ला: गुंडाळलेल्या पेपरने दोन हाणायचे, मालक कोण ते कळलं पाहिजे. त्या सल्ल्याचं मूळ कुठे आहे ते त्यांना माहीत असायचं कारण नाही. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची वर्चस्वासाठीची भांडणं नोंदवली. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकात 'अल्फा' लांडगा जगभर पोचवला आणि मग कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि पिल्लं, सिंहासनासाठीची लढाई नव्हे. कोंडलेल्या प्राण्याचं वागणं हाच त्याचा स्वभाव समजला गेला. पुढे तेच लांडग्यावरून कुत्र्यावर आणि कुत्र्यावरून आमच्या गॅलरीत आलं. माझ्या विषयात कॅलिब्रेशन कर्व्हच्या बाहेरचं कॉन्सन्ट्रेशन वाचणं हा गुन्हा आहे. इथे दोनदा झाला.

पण हेच काका पुढे म्हणाले, "खाली असताना हा कधी कुणावर गेला नाही हो. लालबागचं विसर्जन असो की दिवाळी, उठून दुसरीकडे जायचा." मी वहीत तारीख टाकून लिहून घेतलं. ओहायोच्या संशोधकांकडे जे नाही ते हेच, दत्तक जाण्याआधीची नोंद. अख्खी गल्ली साक्षीदार. मग मी खाली जाऊन वडापाववाल्यांना, वॉचमनना, फुलवाल्या मावशींना वेगवेगळं विचारलं. (वेगवेगळं अशासाठी की एकत्र विचारलं की पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात.) सगळ्यांच्या बोलण्यात एक क्रियापद येत होतं: निघून जायचा.

याच्याशी जुळणारा एक अभ्यास बालीतला आहे, २०१८, कोर्रिएरी आणि सहकारी. एकाच जातीचे बाली कुत्रे, काही मोकळे, काही घरी पाळलेले. मोकळे कुत्रे कमी उत्तेजित, इतर प्राण्यांवर कमी आक्रमक, कमी पाठलाग करणारे निघाले. वाचून आनंद झाला आणि म्हणूनच मी थांबले. ही दोन गटांची तुलना आहे, एकाच कुत्र्याच्या आधी-नंतरची नाही. घरी नेण्यासाठी निवडलेले कुत्रे मुळातच चपळ असतील तर? आणि मोकळ्या कुत्र्याला ओळखणारा माणूस त्याला जितका वेळ पाहतो, त्याहून मालक चोवीस तास पाहतो. त्याला जास्त खोड्या दिसणारच. तेव्हा हा पुरावा नव्हे. पण गृहीतक म्हणून चांगलं आहे: गल्लीत खंड्याला निघून जाता येत होतं, चार फुटांच्या गॅलरीत, मागे भिंत आणि लंगडा पाय असताना, येत नव्हतं. कुरिअरचा मुलगा तोच होता, अंतर बदललं होतं.

गृहीतक असेल तर त्यातून काहीतरी करता आलं पाहिजे. दाराला आतून जाळीचं अर्धं फाटक बसवलं. त्याची गोधडी दारापासून सगळ्यात लांब, मोरीशेजारी नेली. पार्सल खाली जाऊन घेऊ लागले. गॅलरीतून जाताना तोंडाला जाळी, तीही एकदम नाही. आठवडाभर जाळीत आतून कलेजीचा तुकडा धरला, त्याने स्वतः तोंड घातल्यावर पट्टा लावला. आणि जिन्यात पावलं वाजली की तो भुंकायच्या आत गोधडीवर कलेजी. पावलं म्हणजे कलेजी, हे त्याच्या डोक्यात बसायला हवं होतं. भुंकल्यावर दिली तर भुंकणं म्हणजे कलेजी हे बसतं. पहिले चार दिवस माझा हात उशिरा जात होता.

मारायचं नाही हे ठरलेलं होतं. पोर्तोत २०२० मध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल जास्त वाढलं, ताणाची लक्षणंही जास्त दिसली. कुत्र्यांना शाळा चिठ्ठ्या टाकून दिलेली नव्हती, मालकांनी निवडली होती, त्यामुळे यातही फट आहे. तरी कुरिअरवाल्याच्या पोटरीवर प्रयोग करून ती फट मी बुजवणार नव्हते. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाचं २०१७ चं काम मात्र थेट कामी आलं: रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरचा विश्वास बसण्यात वारंवार मिळालेला मायेचा हात खाण्यापेक्षा सरस ठरला. ज्या काकू आधी लांबून ग्लुकोज बिस्कीट फेकायच्या त्यांना मी फाटकापाशी बसून, तो आपणहून आला तरच, हनुवटीखाली खाजवायला सांगितलं. डोक्यावरून हात नको म्हटलं. काकूंचं बिस्कीट वाचलं.

आता माझ्या डेटाबद्दल, कारण दुसऱ्यांची चिरफाड करून स्वतःची वही झाकणं बरं नाही. पहिला आठवडा मी फक्त भुंकल्याच्या वेळा लिहिल्या. किती माणसं गेली हे लिहिलंच नाही. छेद नसलेला अपूर्णांक! दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी सात ते नऊ, गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकासाठी एक रेघ, भुंकला तर रेघेवर फुली. फुल्या कमी होत गेल्या. पण मी फाटक, गोधडी, कलेजी आणि काकूंचा हात हे सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं, त्यामुळे कशाने फरक पडला ते सांगता येत नाही. सगळ्यात वाईट दिवसानंतरच मोजायला लागल्याने नुसत्या सरासरीकडे परतण्यानेही फुल्या थोड्या घटल्याच असत्या. रेघा मारणारी मी, निकाल हवा असणारीही मीच. व्हायवाला हे घेऊन गेले तर बाहेरचे परीक्षक चहा यायच्या आत मला घरी पाठवतील.

कमिटीसमोर मात्र ही वही ठेवली. सेक्रेटरी बँकेत होते, त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हे तुझ्या घरातल्याशिवाय दुसऱ्या कुणी मोजलंय का?" ओहायोच्या पेपरवर मला जो प्रश्न पडला तोच. उत्तर नव्हतं. म्हणून ठरलं ते असं: गणपती संपेपर्यंत आणखी मुदत, आणि रेघा आता समोरच्या खोलीतून मारायच्या. तिथल्या दादांनी नको म्हटलं, त्यांना सातला सिरीयल असते. काकांनी वही घेतली, खिशाला पेन लावलं आणि दारात खुर्ची टाकली. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दोन फुल्या मारल्या. एक मला ऐकूच आली नव्हती.