दूरस्थ मातृत्व आणि माध्यमांची निवड : मिर्का मादिआनू यांच्या संशोधनाचा चिकित्सक विचार

आई परदेशी आणि मुले मायदेशी, ही कुटुंबरचना फिलिपाइन्समध्ये अपवादात्मक राहिलेली नाही. १९७४ च्या कामगार संहितेपासून मनुष्यबळ परदेशी पाठविणे हा त्या देशाच्या शासकीय धोरणाचाच भाग झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दरवर्षी सुमारे दहा लाख माणसे कामासाठी देशाबाहेर जात होती आणि लोकसंख्येच्या एक दशांशाहून अधिक लोक परदेशात काम करीत होते. त्यांत घरकाम करणाऱ्या आणि परिचारिका म्हणून राबणाऱ्या माता मोठ्या संख्येने होत्या. शासन या स्थलांतरितांचा 'नवे वीर' म्हणून गौरव करते. मात्र कुटुंबाची घडी विस्कटली की दोषाचे बोट आईकडेच वळते. र्‍हासेल पारेन्यास यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात हा अंतर्विरोध नेमका दाखविला होता : आई मिळवती झाली, तरी मायेची जबाबदारी तिच्याच नावावर राहिली.

या पार्श्वभूमीवर संज्ञापनाच्या अभ्यासक मिर्का मादिआनू आणि मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल मिलर यांचा 'मायग्रेशन अँड न्यू मीडिया : ट्रान्सनॅशनल फॅमिलीज अँड पॉलिमीडिया' हा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडन व केंब्रिज येथील फिलिपिनो माता आणि त्यांची फिलिपाइन्समधील मुले अशा दोन्ही टोकांना जाऊन केलेले हे संशोधन आहे. केवळ मातांच्या मुलाखती घेऊन लेखकद्वयी थांबली असती, तर 'तंत्रज्ञानाने अंतर मिटविले' एवढाच सुखद निष्कर्ष हाती आला असता. मुलांच्या साक्षीमुळे तो टिकत नाही. ग्रंथाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

ग्रंथातील सर्वांत समृद्ध भाग पत्रांचा आणि ध्वनिफितींचा आहे. पत्र पोहोचण्यास आठवडे लागत. उत्तर येईपर्यंत विचारलेला प्रश्न शिळा झालेला असे. पण पत्र लिहिताना मन सावरता येत असे आणि नको ते गाळता येत असे. त्यामुळे दूरच्या आईची एक आदर्श प्रतिमा मुलाच्या मनात सुरक्षित राही. ध्वनिफितीत आवाज आला आणि आवाजाबरोबर दाटलेला कंठही आला. मराठी वाचकाला येथे कोकणातील चाकरमान्याचे घर आठवल्यास नवल नाही. मनीऑर्डरीच्या पावतीवरील दोन ओळींवर तेथे महिना निघत असे. तथापि तेथे दूर गेलेला असे तो बाप, आणि त्याच्याकडून पैशाखेरीज फारशी अपेक्षाही नसे. आई दूर जाते तेव्हा पैसे पोहोचल्याने तिचे कर्तव्य संपले असे कोणीच मानीत नाही. हा फरक लक्षात ठेवल्याशिवाय पुढील विवेचनाचे मर्म कळणार नाही.

ग्रंथाची मध्यवर्ती संकल्पना 'पॉलिमीडिया' ही आहे. मराठीत 'बहुमाध्यम' हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ झाल्याने मूळ संज्ञाच ठेवणे इष्ट. साधनांची उपलब्धता, परवडणारा खर्च आणि ती वापरण्याचे कौशल्य या तीन अटी पूर्ण झाल्या, की माध्यमाची निवड आर्थिक वा तांत्रिक बाब उरत नाही, ती भावनिक आणि नैतिक बाब होते, असे प्रतिपादन लेखकांनी केले आहे. दूरध्वनी महाग होता तोवर 'पैसे नव्हते' हे कारण मान्य होत असे. दूरध्वनी, लघुसंदेश, ई-मेल आणि स्काइप हे सर्व हाताशी असताना मुलाने केवळ लघुसंदेश पाठविला, तर तो लघुसंदेशच का पाठविला याचाही अर्थ लावला जातो. माध्यमे एकेकटी न अभ्यासता परस्परसंबंधात पाहिली पाहिजेत, हा यातून मिळणारा पद्धतीविषयक धडा मोलाचा आहे.

मातांना भ्रमणध्वनीने बळ दिले. मुलाने काय खाल्ले, अभ्यास केला की नाही, संध्याकाळी कोठे गेला होता, हे सारे लंडनहून विचारता येऊ लागले आणि गमावलेली आईपणाची भूमिका काही अंशी परत मिळाली. मुलांचे म्हणणे मात्र द्विधा आहे. काहींना आईचा फोन आधार वाटतो; अनेकांना ती चौकशी वाटते, पाळत वाटते. आई गेली तेव्हा जी फार लहान होती, त्यांना तर वारंवारच्या बोलण्यातूनच आपण एकमेकांना ओळखत नाही हे नव्याने उमगते. पत्रांनी जी प्रतिमा जपली, ती रोजच्या फोनने मोडली. संपर्क वाढला म्हणजे जवळीक वाढली, या गृहीतकाला इतका ठोस छेद क्वचितच दिला गेला असेल.

असे असूनही संकल्पनेविषयी काही आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पॉलिमीडियाच्या तीन अटी व्यक्तीच्या संदर्भात मांडलेल्या आहेत. संबंध मात्र दोघांचा असतो. लंडनमधील आईसाठी खर्चाचा प्रश्न सुटला असेल, पण ज्या आजीच्या वा मावशीच्या घरी मूल वाढते तेथे तो सुटलेला असेलच असे नाही. ही स्थिती सर्वत्र आलेली नाही, हे लेखकद्वयी मान्य करते. परंतु एकाच नात्याच्या दोन टोकांना माध्यमांची परिस्थिती भिन्न असेल, तर निवडीची नैतिक जबाबदारी कोणावर टाकायची? संगणक-केंद्रात तासाचे पैसे मोजणाऱ्या मुलाचे मौन आणि घरी संगणक असलेल्या मुलाचे मौन एकाच अर्थाचे कसे मानावे? भावनेवर भर देण्याच्या ओघात अर्थकारण पार्श्वभूमीला सरकते, ही या सिद्धांताची उणीव होय. तसेच मुलाखत दिलेली 'मुले' प्रामुख्याने वयात आलेले तरुण-तरुणी आहेत. त्यांनी सांगितलेले बालपण हे आठवलेले बालपण आहे. प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या स्त्रियांचा आवाजही मातांच्या आणि मुलांच्या तुलनेत क्षीणच राहिला आहे.

सर्वांत अस्वस्थ करणारा मुद्दा मात्र लेखकांनी स्वतःच मांडला आहे. फोनवरून आईपण निभावता येते असे वाटू लागल्याने परदेशातील मुक्काम लांबविण्याचे समर्थन मिळते. घर सोडताना आणि परतणे पुढे ढकलताना स्वस्त संपर्काचा हवाला दिला जातो. फिलिपाइन्समधील शासकीय यंत्रणा आणि दूरसंचार कंपन्या भ्रमणध्वनीविषयी जो आशावाद बाळगून होत्या, त्याची ही दुसरी बाजू आहे. विरहाचा सामाजिक खर्च अशा रीतीने कुटुंबाच्या खात्यावर वर्ग होतो, आणि मूल बोलत नसेल तर धोरणाची नव्हे, आईची चूक ठरते. हा मुद्दा ग्रंथाच्या केंद्रस्थानी यावयास हवा होता. प्रत्यक्षात शेवटची प्रकरणे नात्यांच्या सर्वसाधारण सिद्धांताकडे वळतात.

२०१६ मधील 'अँबियंट को-प्रेझेन्स' या लेखात मादिआनू एक पाऊल पुढे गेल्या आहेत. प्रत्यक्ष बोलणे नसतानाही समाजमाध्यमांवरील हालचालींतून एकमेकांची जी परिघीय जाणीव सतत राहते, तिचा विचार त्यांनी तेथे केला आहे. ही जाणीव दिलासा देते तशीच पाळतही ठेवते, हे त्यांनी दुर्लक्षिलेले नाही. मात्र ती जाणीव टिकविण्यासाठी रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला मायदेशाच्या घड्याळाप्रमाणे किती जागावे लागते, या श्रमाची मोजदाद तेथेही अपुरीच आहे.