समास, विग्रह आणि वाचन : इंग्रजी व चिनी नामसमासांच्या निमित्ताने

चिनी नामसमासांकडे पाहताना पाश्चात्त्य समीक्षकांना पुष्कळदा त्यांत काव्य दिसत आले आहे. आगगाडीला चिनी शब्द ‘हुओ-छ’, म्हणजे ‘अग्नी’ अधिक ‘गाडी’. संगणकाला ‘दिएन-नाओ’, म्हणजे ‘वीज’ अधिक ‘मेंदू’. यावरून चिनी भाषक चित्रांतून विचार करतो, असा निष्कर्ष काढला जातो. या दृष्टीला साहित्यविचारात प्रतिष्ठा मिळाली ती अर्नेस्ट फेनोलोसा यांच्या चिनी लिपीविषयक निबंधामुळे. एझरा पाउंड यांनी तो १९१९ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला. परंतु ‘आगगाडी’ म्हणताना मराठी भाषकाला ज्वाळा दिसत नाहीत, ‘बटरफ्लाय’ म्हणताना इंग्रजी भाषकाला लोणी आठवत नाही. मग चिनी भाषकालाच दरवेळी अग्नी दिसतो, असे का मानावे?

या प्रश्नाचे मर्म संस्कृत व्याकरणपरंपरेने ओळखले होते. पतंजलीच्या महाभाष्यात ‘एकार्थीभावा’ची चर्चा आहे. समासातील पदे आपापला अर्थ पृथकपणे न मांडता मिळून एकच अर्थ देतात, असा तिचा आशय. विग्रह हे समासाचे स्पष्टीकरण होय. बोलणाऱ्याच्या मनात तो घडतोच असे नाही.

दोन्ही भाषांच्या नामसमासांत मुख्य पद सामान्यतः शेवटी येते आणि पदांमधील संबंध अनुक्त राहतो. ‘ऑलिव्ह ऑइल’ हे ऑलिव्हचे तेल, ‘बेबी ऑइल’ मात्र बाळासाठीचे. त्याचप्रमाणे ‘मा-छ’ ही घोड्याने ओढलेली गाडी, तर ‘हुओ-छ’ अग्नीच्या बळावर चालणारी. म्हणजे तत्पुरुषाच्या पातळीवर दोन्ही भाषा फारशा दूर नाहीत. अंतर पडते ते द्वंद्वात. इंग्रजीत विरळ असलेली ही घडण चिनीत विपुल आहे. ‘माय-माय’, म्हणजे खरेदी अधिक विक्री, याचा अर्थ व्यापार. मराठी ‘देवघेव’ त्याच्या जवळची. ‘दोंग-शी’, म्हणजे पूर्व अधिक पश्चिम, याचा अर्थ मात्र ‘वस्तू’!

हा शेवटचा शब्द विशेष उद्बोधक आहे. प्रमाण चिनी उच्चारात दुसऱ्या पदाचा सूर कायम राहिला तर ‘पूर्व आणि पश्चिम’ असा अर्थ होतो; तो सूर लोपला की ‘वस्तू’. इंग्रजीत ‘ब्लॅकबोर्ड’मधील आघात पहिल्या पदावर आला की शाळेतील फळा, दुसऱ्यावर गेला की कोणतीही काळी फळी. सर्वच समासांत अशी खूण नसते हे खरे. पण जेथे असते तेथे एकार्थीभाव कानाला कळतो. चिनी लिपी दोन्ही ‘दोंग-शी’ सारखेच लिहिते. फेनोलोसा आणि पाउंड यांचे वाचन मुख्यतः डोळ्यांचे होते, आणि त्याची मर्यादा नेमकी येथे आहे.

अर्थात कवीला समास पुन्हा उकलण्याचा अधिकार आहे. ‘शान-श्वे’ म्हणजे निसर्गदृश्य. परंतु एखाद्या कवितेत पर्वत आणि जल हे दोघेही स्वतंत्रपणे उभे राहू शकतात. तसे घडले आहे की नाही, हे त्या कवितेच्या रचनेवरून ठरवावे लागते, भाषेच्या कल्पित स्वभावावरून नव्हे. अभिजात चिनीत एकाक्षरी शब्द बहुसंख्य असल्याने हा निर्णय अधिकच नाजूक होतो.

चिनी कविता मराठी वाचकाला बहुधा इंग्रजीतून भेटते. अनुवादकाने प्रत्येक समासाचा विग्रह केला, तर कवीने योजलेली प्रतिमा आणि भाषेत रुळलेला शब्द यांतील भेदच पुसला जातो. सगळेच काव्यमय ठरल्यावर कवीचे स्वतःचे म्हणून काय उरते?