केळफांची रंगपेटी

आमच्या छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागल्यापासून येथील तरुण मंडळींत परदेशी चित्रपटांची चर्चा बरीच वाढली आहे. रंगभूषा व कृत्रिम जखमा करता करता परमुलखी जाऊन दिग्दर्शक झालेल्या कलावंतांच्या हकिगती ही मंडळी कौतुकाने सांगतात, आणि आपल्याकडे असा कोण, म्हणून विचारतात. या प्रश्नाचे उत्तर १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले, हे त्यांस सांगावे लागते याचे आम्हांस नवल वाटते.

दादासाहेब फाळके यांचे चरित्रकार बहुधा देशाभिमानापासून आरंभ करतात आणि तेथेच रेंगाळतात. त्यांच्या हातांकडे पाहण्यास कोणास सवड नाही. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, फोटोग्राफी, शिळाछाप, आणि आडनावाची अक्षरे उलटवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने केलेले जादूचे प्रयोग, हे सारे डोळ्यांस भुलविण्याचेच शिक्षण होय. १९१२ साली लंडनास जाऊन त्यांनी हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत यंत्राची विद्या पाहिली. भुलविण्याची विद्या ते येथूनच घेऊन गेले होते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या पटाचे दिग्दर्शन त्यांचे, तशीच रंगभूषाही त्यांचीच. तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांच्या मुखावर त्यांनी राणी उभी केली. पुढे 'लंकादहना'त (१९१७) तर त्याच साळुंक्यांस राम आणि सीता या दोन्ही भूमिका दिल्या! रंगपेटीवर एवढा भरवसा टाकणारा मनुष्य हौशी नव्हे.

परंतु आमच्या मते खरा पुरावा 'कालिया मर्दन' (१९१९) हा होय. या मूकपटाचा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे. आरंभी फाळक्यांची बालकन्या मंदाकिनी साध्या मुलीच्या रूपात येऊन चेहऱ्याचे नाना भाव दाखविते, आणि मग प्रेक्षकांदेखत तिचा कृष्ण होतो. जादूगार आपली युक्ती झाकतो; फाळके ती आधीच उघडी करतात, आणि तरीही पुढे यमुनेच्या डोहात कालियाशी झुंजणारा कृष्ण आपण खरा मानतो. नटविण्यापूर्वी कोरा चेहरा किती बोलतो, हे ज्याने पाहिले, तो रंगारी राहिला नाही, दिग्दर्शक झाला.

१९१४ साली ते आपले पट घेऊन पुन्हा लंडनास गेले, तेव्हा तेथेच राहून भारतीय विषयांवर चित्रपट काढावेत अशी सूचना हेपवर्थ यांनी केली. फाळक्यांनी ती नाकारली. यास त्याग म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तो होताही. तथापि त्यात कारागिराचा हिशेबही असावा असे आम्हांस वाटते. मंदाकिनीचा कृष्ण होतो तो निम्मा रंगाने, आणि निम्मा ज्याने लहानपणापासून कृष्ण ऐकला आहे अशा प्रेक्षकाच्या मनाने. लंडनच्या प्रेक्षकास तेथे एक नटलेले मूल दिसले असते, इतकेच.

हीच त्यांची मर्यादाही ठरली. बोलपटाच्या काळात प्रेक्षक बदलला. प्रभातच्या 'संत तुकारामा'त (१९३६) चमत्कार आहेत खरे, परंतु मनात राहते ती तुकोबांच्या संसाराची ओढाताण आणि जिजाईचा त्रागा. पुढल्याच वर्षी फाळक्यांनी कोल्हापुरात 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट काढला. विषय पुन्हा पुराणाचाच. त्यानंतर १९४४ साली नाशिकास निधन होईपर्यंत त्यांच्या हातून दुसरा पट झाला नाही.