गीतसंग्रहांतील नामनिर्देश

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां गाण्याच्या शेवटीं तिनें आपलें नांव इंग्रजींत उच्चारलें. तबकडी घडावयाची ती जर्मनींत. आवाज कोणाचा हें तेथील कारागिरांस कळावें, एवढाच त्यांतील हेतु. गाण्याबरोबर गाणाराचें नांव जपण्याची ही चिंता इतकी जुनी आहे.

आतां हजारों गाणीं एका लहानशा यंत्रांत मावतात, आणि त्यांची ओळख प्रत्येक फाइलीस जोडलेल्या टांचणावर अवलंबून असते. एमपी३ फाइलींसाठीं १९९६ सालीं निघालेलें ‘आयडी३’ हें टांचण अवघें १२८ बाइटांचें होतें. शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांस तीस तीस रोमन अक्षरें. कवीस मात्र स्वतंत्र रकानाच नव्हता. पुढील आवृत्तींत गीतकार व संगीतकार यांचे रकाने आले खरे. परंतु आमचा संग्रह उघडून पाहतों तों ते बहुतेक रिकामेच!

ही उणीव क्षुल्लक नव्हे. ‘गीतरामायणा’चेंच उदाहरण घ्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीवरून प्रसृत झालेलीं हीं छप्पन्न गीतें ग. दि. माडगूळकरांनीं रचलीं व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलीं. मूळ प्रसारणांत तीं निरनिराळ्या गायकगायिकांनीं गाइलीं. पुढें फडके यांनीं तीं स्वतःच्या आवाजांतहि मुद्रित केलीं. अशा स्थितींत सर्वत्र ‘कलाकार : फडके’ असें लिहून मोकळें होणाराच्या संग्रहांत माडगूळकर शोधूनहि सांपडत नाहींत, आणि मूळ गायकांचें श्रेयहि बुडतें. गीत एक आणि त्याचीं मुद्रणें अनेक, हा विवेक टांचण लिहिणारानें प्रथम केला पाहिजे.

तथापि दुरुस्तीचा अतिउत्साहहि तितकाच घातक होय. ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटास लता मंगेशकर यांनीं ‘आनंदघन’ या नांवानें संगीत दिलें. तें टोपणनांव पुसून तेथें खरें नांव घालणें म्हणजे कलावंतानें स्वतः केलेली निवड खोडून टाकणें होय. संगीतकाराच्या रकान्यांत ‘आनंदघन’ राहूं द्यावें आणि खुलासा टिपणाच्या रकान्यांत करावा. रोमन लिपींतील वेगवेगळ्या वर्णलेखनामुळें एकाच गायकाचे तीन गायक होतात, तेथें मात्र एकरूपता आणणें अवश्य आहे.

कांहीं संगणकीय साधनें अशीं टांचणें आपोआप भरून देतात. त्यांचें साहाय्य अवश्य घ्यावें. पण गाणें ऐकल्यावांचून व मूळ तबकडीवरील मजकूर ताडून पाहिल्यावांचून त्यांवर विसंबूं नये. चुकीचें नांव एकदां लागलें कीं प्रतीमागून प्रतींत तेंच उतरत जातें. ज्या कवीच्या शब्दांवर घरांतील तीन पिढ्या डोलल्या, त्याचें नांव मुलांस ठाऊक नसावें, याचा दोष यंत्राचा नव्हे. रकाना यंत्रानें दिला आहे. तो रिकामा ठेवणारे आपणच आहोंत.